सहा नंबरच्या सुया आणि ननंदेला बसलेला टॉप

ताई, नमस्कार. आमच्या अकोल्यात मार्च लागला की लोकरीकडे बघवतसुद्धा नाही, म्हणून यंदा सुती दोऱ्याचा बिनबाह्यांचा जाळीचा टॉप विणायला घेतला. एका अमेरिकन बाईंचा व्हिडिओ बघून, माझ्या ३६ छातीच्या मापाने. त्यांनी ६ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या, त्या सासूबाईंच्या डब्यात होत्याच. पाठ आणि पुढचा भाग वेगवेगळे, प्रत्येकी ११० टाके, खालपासून वरपर्यंत लाटांची जाळी. ५० ग्रॅमचे ८ गुंडे आणि पुरते तीन महिने गेले. शिवून घातला तेव्हाच जरा सैल वाटला. धुतल्यावर तर काखेखालून आरपार दिसायला लागलं, खांदे दंडावर उतरले आणि लांबी दोन इंचांनी वाढली. आता घेर ४५ इंच भरतो! मुंड्याला टाके कमी करतानाही गोंधळ झाला होता. कमी करूनसुद्धा ओळीच्या शेवटी दोन-तीन टाके जास्तच निघायचे. शेजारच्या काकू म्हणतात कढत पाण्यात घाल, आटेल. त्यातच ननंदेने गंमत म्हणून घालून पाहिला तर तिला तो झकास बसला. सासूबाई म्हणाल्या, मग तिलाच देऊन टाक. मला रडूच आलं. न उसवता काही करता येईल का?
— तीन महिने पाण्यात, अकोला

प्रिय ‘तीन महिने पाण्यात’,

पाण्यात गेलेले नाहीत, पण त्याकडे नंतर येते. आधी चोर पकडू. तो सासूबाईंच्या डब्यात आहे.

आपल्याकडे घराघरांतून ज्या जुन्या सुया आहेत, त्यांच्यावरचे नंबर विलायती पद्धतीचे. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. अमेरिकन पद्धत बरोबर उलटी, नंबर वाढला की सुई जाड. त्या बाईंची ६ नंबरची सुई ४ मिलिमीटरची. तुमच्या डब्यातली ६ नंबरची ५ मिलिमीटरची. गंमत म्हणजे ७ नंबरला दोन्ही पद्धतींची गाठ पडते, तिकडेही साडेचार आणि इकडेही साडेचार. तिथून त्या एकमेकींकडे पाठ करून चालू लागतात. तुम्ही नंबर पाळलात, सुई मात्र दोन पायऱ्या जाड घेतलीत. इथून पुढे नंबर वाचायचाच नाही, मिलिमीटर विचारायचे. जुन्या सुईवरचा आकडा पुसला असेल तर सुया मोजायची भोकांची पट्टी मिळते, ती घेऊन ठेवा.

पण सगळं पाप सुईच्या माथी मारता येणार नाही. अर्धा वाटा सुताचा आहे.

लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी असतो. ओढला की लांबतो, सोडला की परत येतो. म्हणून स्वेटरची बॉर्डर कमरेला धरून बसते, आणि माप इंचभर चुकलं तरी लोकर ते पोटात घालते. सुताला ही सवय नाही. कापसाचा तंतू पिळलेल्या चपट्या फितीसारखा, त्याला स्प्रिंग नाही. ताणला की तिथेच राहतो. त्यात सूत वजनाला भारी. तुमच्या टॉपचं ४०० ग्रॅम वजन दोन खांद्यांच्या शिवणींवर लोंबकळतंय. जाळीची भोकं म्हणजे दोऱ्याला सरकायला मोकळी जागा, मग तो खाली सरकणारच. तुम्ही विणलेली लाटांची जाळी स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरची जुनी वीण आहे, पुस्तकांत तिला ओल्ड शेल म्हणतात. तिकडे ती लोकरीत विणतात, आणि लोकर तिला सांभाळून घेते. सुतात तीच वीण सुंदर पडते, पण मोजमापात कुणी सांभाळून घेणारं नसतं.

आणि पाणी. सुती कपडा ओला झाला की किती जड होतो, हे चादर पिळलेल्या कुठल्याही बाईला सांगायला नको. माझा पहिला सुती टॉप मी धुऊन सरळ गॅलरीतल्या दोरीवर टाकला, खांद्यांना दोन चिमटे लावून. संध्याकाळी काढायला गेले तर त्याचा झगा झाला होता, आणि चिमट्यांच्या जागी दोन शिंगं. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण तुमचाही दोरीवरच वाळला असणार. खरं तर पाण्याने सुताचं काही बिघडत नाही, ओलं सूत कोरड्यापेक्षा मजबूतच असतं. त्याला ओल्या अंगाने लटकवणं नडतं.

काकूंच्या कढत पाण्याबद्दल. सूत थोडं आटतं हे खरं, पण विणलेला सुती कपडा रुंदीपेक्षा लांबीत जास्त आटतो, आणि तुम्हाला ४५ इंचांवरून ३८ वर यायचंय. एवढं कुठलंच पाणी आटवणार नाही. दोन्ही बाजूंना आत शिवून घेण्याचाही विचार मनात आला असेल. सात इंच घेर कमी करायचा म्हणजे प्रत्येक कुशीत साडेतीन इंच आत जाणार. काखेत जाड गड्डा होईल, आणि शिवण जाळीच्या भोकांतून जाईल ते वेगळंच.

तेव्हा हा टॉप तुमच्या अंगाचा होणार नाही. वाईट वाटलं तरी हे आधी मान्य करू या, कारण यानंतर बातमी चांगली आहे.

विणायला घेण्याआधी नमुन्याचा तुकडा विणा, असं प्रत्येक जण सांगतं आणि कुणीच विणत नाही. विणलाच तर चार बोटांचा, न धुतलेला, आणि तो मांडीवर ताणून मोजायचा. तुमच्याजवळ आज त्याच दोऱ्याचा, तुमच्याच हातचा, धुतलेला, लटकलेला आणि अंगात घातलेला नमुना आहे. तोही ४०० ग्रॅमचा! इतकं खरं बोलणारा नमुना मी आयुष्यात विणलेला नाही. तेव्हा टॉप कुणाकडेही जायच्या आधी टेप घेऊन बसा.

आधी रुंदी. टॉप चादरीवर आडवा पसरा, हाताने न ओढता. तुमची एक लाट १८ टाक्यांची आहे. लाटेच्या एका खळग्यापासून पुढच्या खळग्यापर्यंत मोजा, चार-पाच ठिकाणी. ११० टाक्यांत सहा लाटा आणि कडेचे दोन टाके बसतात. घेर ४५ इंच, म्हणजे साधारण ११४ सेंटीमीटर, असेल तर एक लाट साडेनऊच्या आसपास भरली पाहिजे. आता बघा: पाचच लाटा घेतल्या तर एक भाग साडेसत्तेचाळीस, दोन्ही मिळून ९५ सेंटीमीटर. तुमची छाती ९१ ते ९२. वर तीन-साडेतीन सेंटीमीटर लूज. सुती जाळीला एवढं पुरतं. लोकरीच्या स्वेटरसारखं चार इंच लूज ठेवलं तर पुन्हा हीच गोष्ट.

म्हणजे तोच दोरा, सासूबाईंच्या त्याच ५ मिलिमीटरच्या सुया, फक्त प्रत्येक भागाला एक लाट कमी. ११० ऐवजी ९२ टाके. चुकीच्या सुईने तुमचं जे कापड तयार झालं, ते मोकळं आणि हवेशीर आहे, अकोल्याच्या मे महिन्याला तेच बरं. सुई बदलायला जाल तर माप पुन्हा पहिल्यापासून काढावं लागेल. मी तर म्हणेन, चुकीचीच सुई ठेवा.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, पुढेही कामी येईल. असल्या जाळीत माप एका लाटेच्या उडीने बदलतं. एक लाट वाढली की एका भागाला साडेनऊ सेंटीमीटर आणि पूर्ण घेराला १९. तुमचा आकडा नशिबाने बसला. मधलं माप हवं असेल तर लाटेशी भांडू नका. दोन्ही कडांना साध्या टाक्यांची पट्टी सोडा, प्रत्येकी चार किंवा सहा टाके. शिवणारी बाई कापडात माया ठेवते तशी. पुढेमागे आत घ्यायचं झालं तरी शिवण त्या पट्टीतून सरळ जाते.

आता लांबी. टॉप कोरडा असतानाच हँगरवर रात्रभर लटकवा आणि सकाळी तसाच लटकलेला असताना मोजा. १० सेंटीमीटरमध्ये किती ओळी येतात ते बघा. तुम्ही मांडीवर मोजलं तेव्हा २४ आल्या असतील, तर लटकल्यावर २२ येतील असा माझा अंदाज आहे. तुमच्या टॉपवर येतील त्या खऱ्या. २२ धरून चाललं तर काखेपर्यंत ३४ सेंटीमीटर हवेत म्हणजे ७५ ओळी, आणि वीण चार ओळींची, म्हणून ७६. मांडीवर ठेवून मोजाल तर हे ३२ च्या आतच भरेल आणि हात शिवशिवतील, अजून चार ओळी घालू या म्हणून. घालू नका. उरलेलं टॉप स्वतः भरून काढतो.

मुंड्याचा गोंधळ नेमका काय झाला ते सांगते. तुमच्या विणीची तिसरी ओळ आठवा. तीन वेळा दोन टाक्यांचा एक, मग सहा वेळा दोरा पुढे घेऊन एक सुलट, मग पुन्हा तीन वेळा दोन टाक्यांचा एक. सहा टाके गेले, सहा नवे आले, म्हणून १८ चे १८. जाळीच्या प्रत्येक भोकामागे कुठेतरी एक टाका मेलेला असतो, हे त्यातलं सगळं गणित. मुंड्याला कडेचे टाके कमी करत गेलात तेव्हा कमी करणाऱ्या जोड्या कडेबरोबर निघून गेल्या, पण भोकं तुम्ही सवयीने घालतच राहिलात. खर्च थांबला, जमा चालू. मग टाके वाढणार नाहीत तर काय?

कडेला जोडीतला एक भिडू कमी पडला की दुसऱ्यालाही बसवायचं, म्हणजे तेवढ्या जागेत साधं सुलट विणायचं. तुमच्या विणीत एक सोयसुद्धा आहे: अर्धी लाट स्वतःत पूर्ण असते. तीन वेळा दोनाचा एक आणि तीन भोकं, ९ टाक्यांचे ९. म्हणून मुंड्याला प्रत्येक बाजूचे बरोबर ९ टाके कमी करा, आधी ५ बंद, मग एकाआड एक ओळीत एकेक असे ४. ते कमी होईपर्यंत कडेची ती अर्धी लाट साधी विणा. ९२ मधून १८ गेले की ७४ उरतात. त्यात मधे पूर्ण लाटा, दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी आणि कडेचा एकेक टाका. कुठेही लंगडं दिसत नाही.

पण तुमच्या जागी मी असते तर जाळी मुंड्यापर्यंतच ठेवली असती. तिथून वर ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या, सुया आणि एक ओळ सुलट एक उलट असं साधं विणकाम. खांद्यावर भोकं नकोतच. तिथे सगळं वजन असतं, तिथलं कापड घट्टच हवं. ७४ टाके साध्या विणीत बारीक सुईवर ३५ सेंटीमीटरच्या आसपास यावेत, आणि ३६ छातीच्या बाईला खांद्यापासून खांद्यापर्यंत साधारण तेवढंच लागतं. एवढ्याचा मात्र नवा नमुना विणावा लागेल, कारण हे तुमचा टॉप सांगू शकत नाही. ३० टाके, ३० ओळी, धुऊन आडवा वाळवून मोजायचा. एक संध्याकाळ जाईल. १० सेंटीमीटरमध्ये २१ टाके आले तर गणित जुळलं. २० आले तर मुंड्याला दोन्ही बाजूंना एकेक टाका जास्त कमी करून ७२ वर या.

७४ ची वाटणी अशी: खांद्यांना २०-२०, मधे गळ्याला ३४. पुढच्या गळ्यासाठी वरून ८ सेंटीमीटर राहिले की मधले १८ बंद करा आणि मग दोन्हीकडे एकाआड एक ओळीत एकेक असे ८ कमी करा. मुंड्याची उंची १८ सेंटीमीटर झाली की थांबा, १९ ती लटकून होईल. गळ्याला दोन सुलट दोन उलटची बॉर्डर घालायचा मोह होईल, सगळ्या स्वेटरना असते म्हणून. सुतात ती धरून बसत नाही, चार धुण्यांत ओठ लोंबल्यासारखी दिसते. १० नंबरच्या सुईवर टाके उचलून सगळ्या ओळी सुलट अशा फक्त चार ओळी विणा आणि घट्ट बंद करा. खालची कड मात्र उलट, टाके घालताना हात ढिला सोडा, नाहीतर लाटांचा घोळ नीट पडत नाही.

शिवून झाल्यावर पाठीच्या आतून, एका खांद्याच्या टोकापासून गळ्यामागून दुसऱ्या खांद्याच्या टोकापर्यंत, सुती फीत हाताने टाचा. बोटापेक्षा बारीक पुरे. फितीचं माप टॉपवरून घ्यायचं नाही, अंगावरून घ्यायचं. आणि ती आधी भिजवून वाळवून घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ती आटेल आणि खांदे गोळा होतील. (हे मी कुठून शिकले ते विचारू नका.)

धुणं: थंड पाण्यात, हाताने दाबून. पिळायचं नाही. उशीच्या अभ्र्यात घालून मशीनमध्ये फक्त स्पिन करा, मग सावलीत चादरीवर आडवा पसरून लाटा बोटांनी जागेवर बसवा. टाचण्या लावणार असाल तर न गंजणाऱ्याच. तुमच्याकडे उन्हाळ्यात तो बघता बघता वाळेल.

दोरा कुठून आणायचा, हा प्रश्न आलाच असेल. सहाऐवजी पाच लाटा म्हणजे ४०० ग्रॅमऐवजी सुमारे ३४०, ७ गुंड्यांत निभेल. आणि इथेच ननंदबाई येतात.

तुमच्या पत्रात एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘सासूबाई म्हणाल्या, मग तिलाच देऊन टाक.’ ननंदेने मागितला असं तुम्ही लिहिलेलं नाही. या दोन गोष्टींत फरक आहे. तीन महिन्यांची संध्याकाळ न् संध्याकाळ ज्यात गेली, ती वस्तू कुणी तिसऱ्याने परस्पर वाटायची नसते, मग ती सासू का असेना. तुम्हाला रडू आलं ते टॉप बसला नाही म्हणून कमी आणि या वाक्याने जास्त आलं असावं, असा मला संशय आहे.

तेव्हा दोन वाटा, आणि निवड तुमची. द्यायचा नसेल तर उसवा, संकोच करू नका. आधी कुशी आणि खांद्यांची शिवण मोकळी करा, मग गळ्याची पट्टी, मग वरून खाली, कारण टाके घातलेल्या कडेकडून विणकाम सुटत नाही. सुटलेला दोरा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळत जा, लडीला चार ठिकाणी सैल दोरे बांधा, भिजवा आणि वाळवा. कुरळा दोरा तसाच विणायला घेऊ नका, त्यावर टाके कधी मोठे कधी लहान पडतात आणि वर काढलेलं सगळं माप फुकट जातं. लडी सरळ झाल्या की पुढच्या आठवड्यात ९२ टाके घाला.

आणि द्यावासा वाटला, अगदी मनापासून, तर असा लगेच उचलून देऊ नका. ननंदेला बसवा, तिच्या खांद्याचं माप घ्या, आतून फीत टाचा. गळा पसरला असेल तर क्रोशाच्या सुईने गळ्याभोवती साखळीची एक घट्ट फेरी घाला, दर चार टाक्यांनंतर एक टाका सोडून, म्हणजे गळा तेवढा आवळला जातो. धुवायचं कसं तेही तिला बजावा. मग तो उरलासुरला टॉप राहत नाही, तिच्या मापाचा होतो, आणि दिला कुणी तेही सगळ्यांना कळतं. ७ गुंड्यांचे पैसे तिच्याकडून घ्यायला माझी हरकत नाही. मी तर घेतले असते.

फक्त काहीही ठरवलंत तरी लाट मोजून आकडा आधी वहीत लिहा. तो साडेनऊच्या ऐवजी नऊ किंवा दहा निघाला, तर टाके घालायच्या आधी मला कळवा, पाच लाटांचं गणित तुमच्या आकड्याने पुन्हा मांडू.